सुपारीच्या आधी टाकळकर सर

टाकळकर सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माजलगावच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि स्टाफरूममध्ये कुठल्या खुर्चीवर बसावं याचा विचार करत दारात उभा होतो. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अनुयायी प्रवृत्ती. कोणी बस म्हणेपर्यंत तुम्ही बसणार नाही. जन्मभर दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धराल. बसा." मी बसलो. म्हणजे त्यांनी सांगितल्यावर बसलो, आणि हे त्यांनी पुढची कित्येक वर्षं मला विसरू दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर चार ओळी लिहा म्हणून प्राचार्यांचा फोन आला. "चांगलंचुंगलं लिहा," असंही ते म्हणाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये ही रीत मला मान्य आहे, पण टाकळकर सरांनी जिवंत माणसांच्या बाबतीतही ती कधी पाळली नव्हती. चार ओळी मी देऊन टाकल्या. उरलेलं इथे लिहितो.

सर मानसशास्त्र शिकवायचे. घराच्या दारावर पाटी होती: प्रा. नरहरी टाकळकर, आणि खाली 'व्यक्तिमत्त्व तज्ज्ञ'. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची, असं विचारायची कोणाची टाप नव्हती. उंच, सडसडीत माणूस, बारा महिने पांढरा हाफ शर्ट, आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. मूळचे सिंदफणेकाठच्या एका खेड्यातले, पण बोलण्यातलं खेडं त्यांनी घासूनपुसून काढलं होतं. सोमवारच्या बाजारातसुद्धा "ही मेथी ताजी आहे काय?" असं विचारायचे. भाजीवाली म्हणायची, "ताजीच हाय की सर, शिळी तुमाला कावून दीन?" सर तिच्या हातांकडे बघत म्हणायचे, "बचावात्मक," आणि मेथी घ्यायचे.

त्यांच्या घरी गेलं की चहा नंतर, आधी मोसंबी. ती आपण सोलायची आणि सरांनी बघायचं. साल एका तुकड्यात काढणारा हट्टी. बिया ताटलीच्या कडेला ओळीनं लावणारा चिकट. बी गिळून टाकणारा भित्रा, संसारात खोटं बोलणारा. मी पुढे पुढे मोसंबी आवडत नाही असं सांगायला लागलो, तर माझ्या नावावर 'टाळाटाळ' जमा झाली. माझी बायको शोभा त्यांच्याकडे एकदाच आली. तिनं मोसंबी उचलली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, "घरी पोरं हायेत, त्यांला देते." सर रिकाम्या ताटलीकडे बघत राहिले. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता असं मला वाटतं, आणि मला त्या दिवशी बायकोचा फार अभिमान वाटला.

वर्गात ते शिकवायचे मात्र फर्मास. माणसाचा स्वभाव कसा घडतो यावरचे सगळे सिद्धांत त्यांना तोंडपाठ होते. मनाच्या तळघरात काय कोंडलेलं असतं, अंतर्मुख कोण, बहिर्मुख कोण, माणूस बघून बघून कसा शिकतो, पाच गुणांच्या पट्टीवर त्याला कसं मोजतात, हे ते गावातल्याच माणसांची उदाहरणं देऊन सांगायचे. ती माणसं कधी कधी वर्गातच बसलेली असायची. माणूस आयुष्यभर बदलत, घडत राहतो असं म्हणणाऱ्यांचाही एक पंथ अभ्यासक्रमात होता. तो शिकवून झाला की सर खडू खाली ठेवायचे. "हे परीक्षेत लिहा. विश्वास ठेवू नका." मग त्यांचं नेहमीचं वाक्य यायचं, "माणूस सहा वर्षांचा झाला की मूस थंड झाली. पुढे नुसतं पॉलिश." माझी आजी 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हे फुकट सांगायची. तिला पाटी लावायचं सुचलं नाही एवढंच.

रसायनशास्त्राच्या कदमांना मुलगा झाला. नवसासायासानं, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर. कदम पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आले. आधी प्राचार्य बसले होते तिकडे गेले, मग आमच्याकडे. टाकळकरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कदम, पेढा देताना तुमची मान वाकली होती. बापाच्या पट्ट्याखाली वाढलेला माणूस असा वाकतो. तुमच्या मुलाला तुम्ही मारणार नाही, पण तो तुम्हाला घाबरेल. पुढचं सहा वर्षांत ठरेल. पेढा चांगला आहे." कदमांचा चेहरा मी पाहिला. त्यांचे वडील खरंच मारायचे, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यानंतर कदम आपला डबा प्रयोगशाळेत, बरण्यांच्या वासात खाऊ लागले.

सर खोटं बोलायचे नाहीत, हेच त्यांचं वाईट होतं. खोटारड्याला माणसं सोडून देतात. सरांचं पाचांपैकी तीन वेळा खरं निघायचं, आणि उरलेल्या दोन वेळा ते खरं निघेपर्यंत थांबायचे.

सोयरिकीचं प्रकरण सुरू झालं ते आबासाहेबांमुळे. धरणाखालचे मोठे ऊसवाले, मुलगी लग्नाची. एक दिवस ते होऊ घातलेल्या जावयाला जीपमध्ये घालून थेट सरांच्या दारात आले. मी शेजारीच राहत होतो, गाडी थांबलेली बघून गेलो. आबासाहेब पायरीवर बसत म्हणाले, "सर, बैल घ्यायचा म्हनलं तर आमी दात बघतो, औताला जुपून बघतो. जावई काय निसता पोहे खाताना बघायचा व्हय? तुमी ह्याला एकदा तपासून द्या."

दुसरा कोणी असता तर त्यानं हसून, चहा पाजून त्यांना परत पाठवलं असतं. सरांनी कपाटातून पत्ते काढले.

हे पत्ते म्हणजे शाईच्या डागांची चित्रं. कागदावर शाई सांडून घडी घालावी तसे डाग. समोरच्यानं त्यात काय दिसतं ते सांगायचं आणि तज्ज्ञानं त्यावरून त्याचं मन वाचायचं, अशी ती चाचणी. मूळ पत्त्यांतले काही रंगीत असतात म्हणे. सरांचे पत्ते म्हणजे कुठल्याशा पुस्तकातून काढलेल्या झेरॉक्स होत्या, पुठ्ठ्यावर डकवलेल्या. सगळे रंग करडे झालेले. तरी सर माणसाला सांगायचे, "हा रंगाला प्रतिसाद देत नाही. भावनेनं कोरडा." मी एकदा विचारलं, "सर, यात रंग कुठाय?" तर म्हणाले, "ज्याच्यात असतो त्याला दिसतो."

आबासाहेबांच्या जावयाला पहिल्या पत्त्यात उसाची टिपरं दिसली. दुसऱ्यात त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "चरकात गेलेला हात हाय." सरांनी पत्ते मिटले. "राग आत साठवतो. लग्नानंतर बाहेर काढेल." आबासाहेबांनी चहासुद्धा घेतला नाही. पुढे आठवड्यानं त्या मुलाचा बाप सरांकडे आला आणि हात जोडून सांगू लागला की मुलाच्या चुलत्याचा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेलता, पोरगं तेव्हा तिथंच उभं होतं, त्याला तेच दिसणार. सर म्हणाले, "कारण महत्त्वाचं नसतं. साचा महत्त्वाचा." तो बाप पायरी उतरून निघून गेला.

त्या मुलाची सोयरीक पुढे दोन ठिकाणी जुळता जुळता मोडली, कारण 'रागीट' हा शब्द त्याच्या आधी तिथे पोचलेला असायचा. शेवटी एका पोळ्याला दारू पिऊन त्यानं कोणाच्या तरी ट्रॅक्टरची काच फोडली. तालुका म्हणाला, सरांनी सांगितलंच होतं. ज्याला गावभर रागीट ठरवलं तो रागावला यात ज्योतिष काय आहे, असं मला म्हणायचं होतं. पण लोकांना पुरावा मिळाला होता.

मग रीतच पडली. कुंडली गुरुजींकडं, पोरगं सरांकडं. सुपारी फुटायच्या आधी पत्ते. रविवारी सरांच्या दारात जीपा आणि मोटारसायकली लागायच्या, आत नवरदेव घामेजून बसलेले आणि बाहेर त्यांचे मित्र धीर देताहेत, "फुलपाखरू म्हन बे. वटवाघूळ म्हनलास की गेलास." सगळ्यांना सगळीकडे फुलपाखरं दिसायला लागली. सरांना ते लगेच कळलं. त्यांनी फुलपाखरू म्हणणाऱ्यांना 'पढवलेला, लाचार' ठरवायला सुरुवात केली, आणि त्या लग्नसराईत खरोखर फुलपाखरू दिसलेले दोनचार प्रामाणिक मुलगेही त्यात गेले.

मुलींचीही तपासणी होऊ लागली. एसटी कंडक्टरची मुलगी पौर्णिमा सरांचीच विद्यार्थिनी, जयंतीच्या भाषणस्पर्धेत दर वर्षी पहिली येणारी. नवऱ्याकडच्यांनी हट्ट धरला म्हणून बाप तिला घेऊन आला. सरांनी पत्ता धरला. ती म्हणाली, "शाईचा डाग."

"अजून काय?"

"शाईचाच डाग, सर. अन् झेरॉक्स खराब हाय."

सरांनी 'उद्धट' असा निकाल दिला. पौर्णिमा बापाला म्हणाली, "चला बाबा, बरं झालं. जे लोक असल्याला ईचारून सून आनतात त्यांच्याकडं मला तरी कशाला जायचंय." आता ती तलाठी आहे. तिचा विषय निघाला की सर म्हणायचे, "तिची तपासणी अपूर्ण राहिली," आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा पडायचा.

एकदा प्रशिक्षणासाठी मी संभाजीनगरला गेलो होतो. तिथे मानसशास्त्राच्या एका बाई चहाला शेजारी होत्या. मी सरांचं वर्णन केलं. बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ही चाचणी शिकायलाच फार वेळ लागतो, एका चाचणीवर माणसाबद्दल कोणी बोलत नाही, आणि जे कळतं ते त्याच्या मदतीसाठी असतं, चारचौघांत सांगण्यासाठी नव्हे. परत आल्यावर मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जबाबदारी टाळणारी स्त्री," आणि मोसंबी पुढे केली.

आता अनूबद्दल सांगायला हवं. कारण आतापर्यंतचं सगळं वाचून कोणी हसलंही असेल. आम्हीही हसायचो.

अनुराधा ही सरांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी सर तिला गावच्या जत्रेला घेऊन गेले. गर्दीत तिचा हात सुटला. थोड्या वेळानं ती एका रसवंतीपाशी सापडली तेव्हा रडून रडून तिला ओकारी झाली होती. नंतर बरेच दिवस तिनं बापाच्या शर्टाचं टोक सोडलं नाही. आई गेलेलं पोर बापाला धरणार नाही तर कोणाला धरणार. पण सरांनी त्यातून निकाल काढला, आणि तो आम्हाला सहज, भाव सांगावा तसा सांगितला, "चिंतातुर. मूस थंड झाली."

त्या दिवसापासून ते घर त्या एका शब्दावर चाललं. अनूला सायकल नाही, कारण तिला झेपणार नाही. सहलीला नाही, दचकेल. बारावीला चांगले मार्क पडले तरी संभाजीनगरला पाठवायचं नाही, वसतिगृहात राहू शकणार नाही. ती हसली तर सर म्हणायचे, वरवरचं आहे. ती गप्प बसली तर म्हणायचे, बघा. रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "रात्री दचकून उठलीस ना?" ती हो म्हणायची, कारण नाही म्हटलं तर पुढचे प्रश्न असायचे. शोभा एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाली, "सर, लेकराला रोज 'पडशील, पडशील' म्हनल्यावर ते चालंल कसं?" सर म्हणाले, "वहिनी, मी पाडत नाही. मी फक्त सांगतो."

अनू गोरीगोमटी, अबोल, कामाला वाघ. तिच्या लग्नाचं वय झालं तेव्हा शोभानंच सोयरीक आणली. शोभाचं माहेर सिरसाळ्याचं. तिच्या नात्यातल्या तात्यांचं तिथे खत-बियाणांचं दुकान, मुलगा प्रशांत दुकानावर बसतो, निर्व्यसनी, हसरा. दोघांनी एकमेकांना शोभाच्या भाचीच्या लग्नात पाहिलं होतं आणि काय पाहायचं ते पाहिलं होतं. अनू त्या दिवसांत कपडे वाळत घालताना गुणगुणायची. आमच्या गच्चीवरून ते ऐकू यायचं, आणि मला खरंच आनंद व्हायचा.

तात्या मंडळी घेऊन आले. पोहे झाले. अर्थात प्रशांतला पत्ते दाखवले गेले. तो बिचारा आधीच हसत होता. त्याला एका पत्त्यात म्हैस दिसली, दुसऱ्यात त्याच म्हशीचं रेडकू, आणि तिसऱ्यात म्हणाला, "आता मामा, म्हैस पान्यात बसली." सगळे हसले. सरांनी पत्ते मिटले आणि म्हणाले, "निकोप." मी तोवर त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तात्यांनी सुपारी खिशातून काढून ताटात ठेवली. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. अनू चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती आणि तिला कळलं होतं.

सर म्हणाले, "एक मिनिट. आता दुसरी बाजू."

तात्यांना वाटलं देण्याघेण्याचं काही असेल. ते म्हणाले, "सर, आमची कायबी अपेक्षा न्हाई. लेक द्या फक्त."

"लेकीबद्दलच बोलतोय," सर म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात. "मी दुसऱ्यांच्या मुलामुलींची तपासणी करतो. माझ्या मुलीला सोडलं तर मी लबाड ठरेन. अनुराधा चिंतातुर प्रवृत्तीची आहे. सहाव्या वर्षी पक्की झाली. रात्री दचकून उठते. गर्दी सहन होत नाही. तुमचं घर भरलेलं, दारात गिऱ्हाईक. तिथे ती कोलमडेल. मूल झाल्यावर जास्त. हे बदलत नाही. तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं."

 अनूच्या हातातल्या ट्रेमधल्या कपांचा आवाज येत होता. सरांनी त्या ट्रेकडे बोट दाखवलं. "बघा."

तात्या म्हणाले, "सर, पोरीचा बाप असं बोलतो व्हय?"

"मी बाप म्हणून बोलत नाही. तज्ज्ञ म्हणून बोलतोय."

प्रशांत म्हणाला, "तात्या, मला चालंल. मी बघून घेतो." तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी ताटातली सुपारी उचलली, खिशात टाकली आणि म्हणाले, "ऊठ बे." प्रशांत उठेना, तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. जाताना तो अनूच्या अगदी जवळून गेला आणि तिनं ट्रे बाजूला घेतला, वाट द्यायला. शोभा तिथल्या तिथे सरांना म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड हाय का न्हाई?" सर तिच्या हातांकडे बघत राहिले.

यानंतर लोकांनी सरांना वाळीत टाकलं असेल असं वाटेल. उलट झालं. "पक्का मानूस. पोटच्या पोरीलाबी सोडलं न्हाई," असं आडतीवर, बसस्टँडवर, कारखान्याच्या काट्यावर माणसं कौतुकानं बोलू लागली. परळी, गेवराई, पार पाथरीहून जीपा यायला लागल्या. अनूला मात्र पुन्हा सोयरीक आली नाही. तज्ज्ञ बापानंच नापास केलेली मुलगी कोण करणार. रविवारी आलेल्या मंडळींना पोहे आणि चहा तीच करून द्यायची, दुसऱ्यांच्या सुपाऱ्या फुटाव्यात म्हणून. बघून माझा जीव तुटायचा. सर तिच्यासमोरच लोकांना सांगायचे, "ही माझी मुलगी. उदाहरण म्हणून बघा."

अशी पंधराएक वर्षं गेली असतील. सर निवृत्त झाले. पोरांच्या हातात मोबाइल आले आणि त्यावर स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या फुकट मिळू लागल्या, तशी रविवारची गर्दी ओसरली. अनू बापाचा विरोध असताना शेजारच्या गल्लीतल्या बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. ती कोलमडेल म्हणून सर रोज दुपारी ओट्यावर बसून वाट बघायचे. ती पिशवीत भाजी घेऊन परत यायची.

बालवाडीतल्या एका बाईंचा मामेभाऊ माणिकगुरुजी. धर्मापुरीला जिल्हा परिषदेच्या शाळेवर, बायको वारलेली, परी नावाची लहान मुलगी. ते एकटेच आले, कोणी वडीलधारं न आणता. मी तेव्हा सरांकडे बसलो होतो. सरांचे हात थरथरायला लागले होते, तरी त्यांनी कपाटातून पत्ते काढले. गुरुजी नम्रपणे म्हणाले, "सर, पत्ते राहू द्या. मला इचारायचं ते मी अनुराधाबाईंना इचारलंय."

"तिची माहिती तुम्हाला नाही," सर म्हणाले, आणि तेच सगळं सांगितलं. सहावं वर्ष, दचकणं, गर्दी. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग आतून अनू आली. हातात ट्रे नव्हता. ती म्हणाली, "बाबा, मी जाणार आहे."

सर तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "सहा महिने. परत येईल."

परळीला नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. शोभा साक्षीदार म्हणून गेली, सर गेले नाहीत. त्यांनी अनूच्या खोलीत गादी घालून ठेवली, नवी चादर आणली. मला आधी वाटलं, माया आहे शेवटी. मग कळलं, ते तिच्या माघारी येण्याची तयारी करत होते. धर्मापुरीच्या देवळाला कोणी जाऊन आला की सर त्याला गाठायचे. "दिसली का? कशी होती? हात कसे होते?" लोक सांगायचे, लई मजेत हायेत बाई, पोरगी कडेवर होती. सर म्हणायचे, "वरवरचं." सहा महिने झाले. मग "वर्ष जाऊ द्या" असं झालं. मग दोन. प्रत्येक चांगली बातमी ऐकून तो माणूस थोडा थोडा वाळत गेला, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. लेक सुखी आहे हे त्यांना सहन होत नव्हतं. ती सुखी असेल तर तिची इतकी वर्षं कोणी आणि कशासाठी खाल्ली, याचं उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सर न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण जखम भरेना. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आम्ही अनूला फोन केला. ती, माणिकगुरुजी आणि परी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आले.

अनू आत गेली. मी गुरुजींबरोबर ओट्यावर थांबलो. कसं चाललंय असं विचारलं तर ते हसले. "तुमच्या अनूताईचं काय सांगू. लाइट जाऊ द्या, डास चावू द्या, परीनं लाथ मारू द्या, उठत न्हाईत. मागची सगळी झोप वसूल करायल्यात. सकाळी मीच च्या करून हाका मारतो." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आम्ही दोघं आत गेलो तेव्हा सर पडून होते, चेहऱ्याचं नुसतं हाड उरलेलं. अनू खाटेच्या कडेला बसली होती.

"हात दाखव," सर म्हणाले. तिनं दोन्ही हात पुढे केले. ते स्थिर होते. सर त्यांच्याकडे बघत राहिले.

"भूक लागते?"

"लागते, बाबा."

"गर्दीत जातेस?"

"जाते. यात्रेत बचत गटाचा भज्यांचा गाडा लावला होता आम्ही."

सरांचे डोळे इकडेतिकडे फिरू लागले. काहीतरी हरवल्यासारखे. मग ते कोपरावर उठायचा प्रयत्न करू लागले, जमलं नाही, आणि पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "रात्री? रात्री दचकून उठतेस ना?" हा प्रश्न त्यांनी तिला जन्मभर विचारला होता, पण तेव्हा ते निकाल सांगायचे. आज ते मागत होते.

अनूनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मायाही मला दिसली नाही. दारात आलेल्याला पीठ घालताना बाई जशी बघते तशी ती बघत होती.

"उठते," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"घाम येतो?"

"येतो, बाबा. मग झोप लागत नाही."

सरांचा सगळा चेहरा सैल झाला. त्यांनी मान वळवून मला शोधलं. "ऐकलंत? मी म्हटलं नव्हतं?" त्यांना धाप लागली होती, पण ते हसत होते. मग त्यांनी हात उचलला आणि तो लेकीच्या डोक्यावर ठेवला. मी त्यांना तिला कधी हात लावताना पाहिलं नव्हतं. "माझी गुणाची," असं काहीतरी ते पुटपुटले आणि तसेच झोपी गेले.

अनूनं तो हात डोक्यावरून काढून पांघरुणावर ठेवला. "चला," ती गुरुजींना म्हणाली, "परीला भूक लागली असेल." ती चुलीकडे गेली. मी दारातून एकदा मागे पाहिलं. आपली लेक दुःखात आहे हे ऐकून इतका शांत झोपलेला बाप मी दुसरा पाहिलेला नाही.